उलटा मार्बल कटर आणि घरातली कार्यशाळा

प्रश्न: निवृत्तीनंतर घराच्या पार्किंगमध्ये छोटी कार्यशाळा सुरू केली आहे. चार इंची ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि मार्बल कटर घेतला आहे. मार्बल कटर प्लायवुडच्या फळीखाली उलटा बसवून त्याचा टेबल सॉ (मधून पाते वर आलेले कापण्याचे टेबल) करावा, असा विचार आहे. हातमोजे घालावेत की नाही, याबद्दल दोन मते ऐकली. घरात नातवंडे आहेत. नेमकी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर:

आपल्या प्रश्नातला मार्बल कटरचा भाग सर्वांत आधी घेतो, कारण इतर बाबतींत चूक झाली तर ती सुधारण्याची संधी बहुधा मिळते, येथे ती मिळेलच असे नाही. कोल्हापुरात ओतकामाच्या कारखान्यांना लागणारे लाकडी पॅटर्न बनवण्याचे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ केले. त्यामुळे लाकूड कापणारी आणि लोखंड घासणारी अशी दोन्ही प्रकारची यंत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत. या काळात मी जे अपघात पाहिले, त्यांतले बहुतेक नवशिक्यांचे नव्हते. यंत्र धोक्याचे आहे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसांची बोटे गेली, आणि तीही बहुधा दिवसाच्या अखेरीस, एखाद्या वीतभर तुकड्यावर. म्हणून ‘सावध राहा’ एवढाच सल्ला मी कोणाला देत नाही. माणसाचे लक्ष दिवसभर सारखे राहत नाही. जॉब कशात पकडला आहे, दोन्ही हात कुठे आहेत आणि पाते अडकलेच तर काय कोणत्या दिशेने उडेल, हे बटण दाबण्यापूर्वी ठरवून तशी मांडणी केली, तर लक्ष चुकलेल्या क्षणीही हात पात्याच्या वाटेत सापडत नाही. (जॉब म्हणजे ज्या वस्तूवर काम चालले आहे ती. कारखान्यातला हाच शब्द मी पुढेही वापरतो.)

आता उलट्या मार्बल कटरविषयी. ही कल्पना मोहात का पाडते ते मला कळते. यंत्र स्वस्तात मिळते, फळीला एक फट पाडायची, चार स्क्रू मारायचे, बटण दाबून लॉक करायचे, की टेबल सॉ तयार होतो. परंतु हे यंत्र फरशी आणि ग्रॅनाइट कापण्यासाठी बनवलेले आहे. त्याचे पाते ११० मिलिमीटर व्यासाचे असते आणि मिनिटाला साधारण १२,००० ते १३,००० फेरे घेते. फरशीचे डायमंड पाते दगड घासत पुढे जाते, त्याला दात नसतात. त्याच जागी लाकडाचे कार्बाइड दातांचे पाते लावले, की प्रत्येक दात लाकडाचा घास घेऊ लागतो आणि यंत्राचा स्वभावच बदलतो. शिवाय मार्बल कटरचे गार्ड पात्याचा वरचा भाग झाकते आणि खालचा भाग दगडात शिरण्यासाठी मोकळा सोडते. तो उलटा केला की झाकलेली बाजू फळीखाली जाते आणि उघडी बाजू आपल्या बोटांसमोर येते.

टेबल सॉवर बोटे कशी जातात, हे नीट समजून घ्यावे. पात्याचे आपल्याकडचे दात खाली जात असतात आणि मागच्या बाजूचे वर येत असतात. लाकूड चिरले जात असताना त्यातला ताण मोकळा होऊन मागची चीर मिटते, किंवा जॉब फेन्सपासून (ज्या सरळ पट्टीला टेकवून तो सरकवतात तिच्यापासून) किंचित तिरका होतो, आणि मागच्या दातांना लाकूड लागते. ते दात त्याला उचलतात आणि पात्यावरून थेट आपल्या पोटाकडे फेकतात. हे इतक्या झटक्यात होते की हात मागे घेण्याचा विचार मनात येण्याआधीच जॉब निघून गेलेला असतो. लाकडावर जोर देत असलेल्या हाताखालचा आधार एकाएकी नाहीसा होतो आणि तो हात त्याच जोराने पात्यावर जातो. हा प्रकार टाळण्यासाठी कारखान्यात बनलेल्या टेबल सॉमध्ये पात्याच्या लगेच मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती चीर मिटू देत नाही आणि जॉबला मागच्या दातांपर्यंत जाऊ देत नाही. तुमच्या फळीवर ही पट्टी नसेल, वरचे झाकण नसेल, आणि बटण फळीखाली लॉक केलेले असल्यामुळे अडचणीच्या वेळी यंत्र बंद करायला वाकून हात पात्याखालून घालावा लागेल. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: हे करू नका. यूट्यूबवर ते करून दाखवणारी मंडळी पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्या चित्रफितीत फक्त नीट पार पडलेला काप दिसतो.

मग लाकूड कापायचे कसे? प्लायवुडचे मोठे कापकाम विकत घेतानाच दुकानात पॅनल सॉवर करून घ्यावे. मापांचा कागद घेऊन गेलात, की बहुतेक मोठ्या दुकानांत माफक पैशांत सरळ आणि काटकोनात तुकडे मिळतात. उरलेल्या कामासाठी हातात धरायचा सर्क्युलर सॉ घ्यावा, ज्याचे खालचे गार्ड काप संपताच स्प्रिंगने आपोआप मिटते. ते गार्ड खिळा किंवा पाचर मारून उघडे ठेवण्याची खोड आपल्याकडे फार आहे, ती लावून घेऊ नये. पात्याची खोली जॉबच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटरच जास्त ठेवावी. प्लायची फळी दोन टोकांना दोन स्टुलांवर टेकवून मधोमध कापू नये. काप अर्ध्यावर येताच दोन्ही भाग स्वतःच्या वजनाने मध्ये झुकतात, चीर वरून मिटते, पाते आवळले जाते आणि सॉ मागे उसळतो. मी पूर्ण फळीखाली जाड थर्मोकोलचा ताव अंथरतो. पाते थर्मोकोलात थोडे शिरते, पण लाकडाचे दोन्ही भाग शेवटपर्यंत जागच्या जागी पडून राहतात. ताव पुष्कळ वेळा वापरता येतो. वर सरळ पट्टी दोन सी-क्लॅम्पनी बांधावी आणि सॉ तिच्या कडेने चालवावा, म्हणजे दोन्ही हात मुठींवरच राहतात.

ग्राइंडरकडे वळतो. घरातल्या यंत्रांत मला सर्वांत जास्त भीती याची वाटते, कारण ते लहान दिसते आणि एका हातात मावते. १०० मिलिमीटरची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो. राळेने बांधलेल्या चांगल्या डिस्कवर सेकंदाला ८० मीटर अशी मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून त्यावर सात इंची डिस्क बसवण्याचा उद्योग मी अनेकदा पाहिला आहे. तसे केले तर कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. सात इंची डिस्क मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांपुरती बनवलेली असते, आणि ती फुटली तर मध्ये अडवायला गार्डही उरलेले नसते. डिस्कवर लिहिलेले फेरे यंत्रावर लिहिलेल्या फेऱ्यांइतके किंवा त्याहून जास्त असले पाहिजेत, हे विकत घेतानाच पाहावे. मधल्या धातूच्या कडीवर वापराची मुदतही कोरलेली असते, ती साधारणपणे उत्पादनापासून तीन वर्षांची असते. राळ ओलाव्याने कमजोर होते. आमच्याकडच्या पावसाळ्यात जमिनीवर पडून राहिलेल्या डिस्का मी मुदत शिल्लक असली तरी फेकून देतो.

एक-सव्वा मिलिमीटरची कटिंग डिस्क फक्त कडेने कापण्यासाठी असते. तिच्या सपाट बाजूने घासले तर ती वाकते, तिच्यात नजरेला न दिसणारी भेग पडते, आणि पुढच्या कापाला ती फुटते. घासायचे असेल तर सहा मिलिमीटर जाडीची ग्राइंडिंग डिस्क किंवा सँडपेपरच्या पाकळ्यांची फ्लॅप डिस्क लावावी. डिस्क बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण तेवढा आळस बहुतेकांच्या अंगात असतो, माझ्याही होता. नवी डिस्क लावल्यावर यंत्र तोंडापासून बाजूला धरून मिनिटभर रिकामे फिरवावे. सदोष डिस्क असेल तर ती बहुधा तेवढ्यातच जाते. बाजूची मूठ लावल्याशिवाय ग्राइंडर वापरू नये. गार्ड अशा रीतीने फिरवावे की त्याची बंद बाजू आपल्याकडे राहील. आणि डिस्कच्या फिरण्याच्या प्रतलात, म्हणजे ती फुटली तर तिचे तुकडे ज्या रेषेत जातील त्या रेषेत, स्वतःचे तोंड आणि गळा ठेवू नये. यंत्र बंद केल्यावरही डिस्क काही सेकंद फिरत राहते, ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये. ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दाताळ पाते लावणे हा तर उलट्या मार्बल कटरचाच भाऊ आहे.

हातमोज्यांबद्दल तुम्ही ऐकलेली दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या यंत्रांविषयी आहेत. स्टँडवरचे ड्रिल, लेथ, सॉ, राउटर (लाकडात खाचा पाडणारे यंत्र) अशा ज्या यंत्रांवर फिरणाऱ्या भागाजवळ हात जातो, तेथे हातमोजे अजिबात नकोत. होजिअरीच्या विणलेल्या मोज्याचा एक धागा ड्रिलच्या बिटात अडकला, तर बिट मोजा गुंडाळते आणि मोज्यासोबत बोटही. उघड्या बोटाला तेथे जखम होऊन हात सुटण्याची शक्यता असते, मोज्यातला हात सुटत नाही. हातातल्या ग्राइंडरवर दोन्ही हात मुठींवर असतात आणि ठिणग्या मनगटावर येतात, तेथे घट्ट बसणारे चामड्याचे मोजे घालावेत. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, अंगठी, मनगटातला धागा, ओढणी, लांब बाह्या आणि मोकळे केस या सगळ्यांना हातमोज्यांचाच नियम लागू आहे. अंगठी निघत नसेल तर ती काढायचा उपाय आधी करावा, ड्रिलचे काम नंतर.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र अपवाद नाही. नंबरचा चष्मा हा संरक्षक चष्मा नव्हे, कारण त्याच्या बाजू उघड्या असतात. बाजू झाकणारा, ‘ईएन १६६’ किंवा ‘झेड ८७’ अशी खूण असलेला चष्मा घ्यावा. ग्राइंडरसाठी त्यावर पारदर्शक फेस शील्डही घालावे. नुसते शील्ड पुरत नाही, हनुवटीखालून कण आत येतात. तारांचा ब्रश ग्राइंडरला लावला असेल तर अधिकच जपावे, कारण त्याच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात.

ड्रिलबद्दल थोडक्यात सांगतो. लोखंडी पट्टी हाताने धरून भोक पाडू नये. बिट पलीकडे बाहेर पडण्याच्या क्षणी अडकते आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. ती शिकंज्यात किंवा क्लॅम्पने बांधावी. चकची (बिट पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्येच विसरून बटण दाबण्याची चूक प्रत्येकाकडून एकदा तरी होते. ती चावी वायरला प्लगच्या टोकाजवळ बांधून ठेवली, तर चावी वापरण्यासाठी प्लग काढावाच लागतो. भिंतीत भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली हात लावू नये, कारण छुप्या वायरिंगच्या नळ्या बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.

विजेची व्यवस्था ही तुमच्या पार्किंगमधली पहिली खरेदी असायला हवी, यंत्रांच्याही आधीची. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) वायर आणि बोर्ड वाचवते, माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, ज्याला अजूनही पुष्कळ वायरमन ईएलसीबी म्हणतात. शरीरातून जमिनीकडे वीज जाऊ लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर मात्र तोही ओळखू शकत नाही. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हल्लीच्या बऱ्याच हातयंत्रांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते आणि अर्थिंगची पिन लागत नाही. पण केबलचे आवरण कापले गेले असेल, किंवा जमीन पावसाने ओली असेल, तर त्या खुणेवर विसंबू नये. १,२०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर पाच अँपिअरहून जास्त घेते. दूरदर्शन संचासाठी आणलेला बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड तेवढ्या भाराने तापतो आणि मोटरलाही कमी व्होल्टेज देतो. दीड चौरस मिलिमीटरची, अंतर जास्त असल्यास अडीचची, तीन तारांची केबल घ्यावी आणि वापरताना तिचे वेटोळे पूर्ण उलगडावे.

भारनियमनाच्या काळातली एक गोष्ट सांगतो. दुपारी बेल्ट सँडर (फिरत्या सँडपेपरच्या पट्ट्याने लाकूड घासणारे यंत्र) चालवत असताना वीज गेली. त्याचे बटण लॉक केलेले होते, मी ते सोडवले नाही. यंत्र टेबलावर ठेवून चहाला गेलो. पाऊण तासाने वीज आली तेव्हा मी दारात होतो. सँडर टेबलावरून धावत गेला, कडेवरून खाली पडला आणि लादीवर गोल गोल फिरत स्वतःच्याच केबलचे आवरण सोलू लागला. मेन स्विच दाराजवळ होता म्हणून मला त्याच्या जवळ जावे लागले नाही. त्या दिवसापासून वीज गेली की पहिल्यांदा प्लग निघतो. तुम्हीही सर्व सॉकेटांचा एकच मेन स्विच दाराशी, यंत्रांपासून दूर आणि नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर घ्या. त्याला कुलूप लावता आले तर उत्तम, कारण मुलांना यंत्रांपासून रोखण्यापेक्षा यंत्रांची वीज कुलपात ठेवणे सोपे असते. पाते किंवा बिट बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून तो स्वतःला दिसेल असा टेबलावर ठेवावा. बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढावी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. झेंडूचा हार घालण्यापूर्वी मी प्रत्येक यंत्राची केबल बोटांतून ओढून पाहत असे, गार्डचे स्क्रू आवळत असे, मोटरच्या जाळीतला भुसा फुंकून काढत असे आणि कार्बन ब्रश झिजले असतील तर बदलत असे. वर्षातून एकदा ही तपासणी कमीच पडते, पण तेवढीही न करणारी घरे मी पाहिली आहेत.

धूळ आणि आवाज यांचे दुखणे हळू येते, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. लाकडाची धूळ आणि दगडातली सिलिका या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. एन ९५ दर्जाचा, नाकावर नीट बसणारा मास्क लागतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना आणि फरशी कोरडी कापताना तर मास्कशिवाय बटण दाबूच नये. ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो, असे मानणाऱ्या हिशेबात १०० डेसिबलला दिवसाकाठी फक्त १५ मिनिटे मिळतात. फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात. माझ्या डाव्या कानाला आता दाराची घंटा नीट ऐकू येत नाही, कारण तरुणपणी ते मला बायकी वाटत होते.

ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका जागी ठेवू नयेत. भुशात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, ती तासन्‌तास धुमसते. लोखंडाचे काम संपल्यावर अर्धा तास तरी तेथेच झाडलोट करीत थांबावे आणि मगच कुलूप लावावे. थिनर, स्पिरिट आणि पॉलिशचे डबे त्या खोलीत नकोतच. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती हवेशी संयोग पावून आपोआप तापते आणि पेटूही शकते. ती उलगडून उघड्यावर वाळत घालावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

शेवटी, अपघात झालाच तर काय करावे, हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्हाला ते सुचणार नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात छातीच्या वर ठेवावा. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते धुवत, घासत बसू नये. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास त्याच्या पेशी गोठून मरतात. डोळ्यात धातूचा कण रुतला असेल तर डोळा चोळू नये आणि कण उपटण्याचा प्रयत्न करू नये. कागदी कप वर उलटा धरून डोळ्यावर दाब येऊ न देता रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. त्यासोबत, आपल्या गावाजवळ तुटलेले बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते, याची चौकशी याच आठवड्यात करून तो दूरध्वनी क्रमांक मेन स्विचशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.